पाच शिट्ट्यांचं हरीण

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला, की आमच्या अमेरिकेतल्या हर्नडनच्या गॅस स्टेशनवर पहाटे नारिंगी टोप्या दिसायला लागतात. डोळ्यांत खुपणारा, लांबूनही चुकणार नाही असा नारिंगी. एरवी या ठिकाणी गळ्यात ऑफिसचा बिल्ला अडकवलेली आमच्यासारखी माणसं कॉफी घेत असतात. या दिवसांतल्या शनिवारी मात्र पिकअप ट्रक उभे असतात आणि जाड जाकिटं घातलेली माणसं बर्फाच्या पिशव्या, थर्मास घेऊन पश्चिमेच्या डोंगरांकडे निघालेली असतात. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालेला असतो. हवेत ओल्या पानांचा गोडसर, कुजका वास असतो, कुठल्या तरी घरातल्या शेकोटीचा धूर असतो. मी गाडीत पेट्रोल भरता भरता त्या टोप्यांकडे पाठ करून उभा राहतो. मला तिथे माझीच लाज वाटते.

त्यांतली एक टोपी डेलची असायची. डेल आमचा डाव्या हाताचा शेजारी. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवून निवृत्त झालेला, उंच, हाडापेराने मोठा, बोलायला कमी. आम्ही या घरात आलो त्या दिवशी मी, माझी बायको सुचेता आणि चार वर्षांची ईरा रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसून पिझ्झा खात होतो. बेल वाजली. दारात हा माणूस चार घडीच्या खुर्च्या घेऊन उभा. ‘तुमचं सामान येईपर्यंत,’ एवढंच म्हणाला आणि खुर्च्या टेकवून गेला. त्याची बायको रूथ दुसऱ्या दिवशी ॲपल पाय घेऊन आली. त्या घरात आता दुसरी माणसं राहतात. डेलची लाकडाची शेड होती तिथे ट्रॅम्पोलिन आहे.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर तो आला तेव्हा हातात कागदी पिशवी होती. पिशवीत पांढऱ्या जाड कागदात गुंडाळलेली चार पुडकी, चिकटपट्टीने नीट बंद केलेली, विटेसारखी कडक आणि थंड. प्रत्येकावर काळ्या मार्करने तारीख, कुठला भाग ते, आणि हरीण कुठे मिळालं ते लिहिलेलं. ‘ओढ्याजवळ, उतारावर.’ त्याच्या भावाची डोंगरात जमीन होती. तिथे तो पहाटे काळोखात झाडावर जाऊन बसायचा आणि वर्षाला एक, फार तर दोन हरणं मारायचा. कुणाच्या भिंतीवर शिंगं लावण्यासाठी नाही. वर्षभर ते दोघं तेच मांस खायचे, आणि ज्यांना आपलं मानायचे त्यांना द्यायचे. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या दिवशी मी फक्त थँक यू म्हणालो आणि पिशवी अंगापासून जरा लांब धरली.

‘हे काय?’ सुचेताने विचारलं.

‘हरीण.’

‘मार्गशीर्ष लागलाय, मिलिंद.’

आमच्याकडे मार्गशीर्ष पाळतात. सुचेता दर गुरुवारी कलश मांडून महालक्ष्मीची पूजा करते, आणि महिनाभर घरात मांस शिजत नाही. मी दारात परत गेलो आणि डेलला म्हणालो, आम्ही थोडं थांबून करू, आमचा एक उपवास असतो. आता अमेरिकन माणसाला मार्गशीर्ष कसा समजावायचा, चांद्रमास म्हणजे काय, म्हणून कंटाळून मी म्हटलं, ‘गुरुवारी आम्ही मांस खात नाही.’ डेलने मान हलवली. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक पुडक्यावर तारखेच्या खाली एक ओळ वाढली. ठसठशीत मोठ्या अक्षरांत: ‘गुरुवारी नको.’

मार्गशीर्ष संपला, पौषही निम्मा गेला, पुडकी गॅरेजमधल्या फ्रीझरच्या तळाशी तशीच. उपवासाचं निमित्त आता उरलं नव्हतं. मी कोल्हापूरचा. मटण या विषयावर आम्हाला कुणी काही सांगावं हे आम्हाला खपत नाही. वडिलांबरोबर दर रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानात उभं राहून मी मोठा झालो. मांडीचं किती, नळी किती, चरबी किती, हे मला शाळेतल्या पाढ्यांआधी येत होतं. बोकड माझ्या खांद्याशेजारी उलटा टांगलेला असायचा आणि मी त्याच्या कडेने वाकून काट्याकडे बघायचो. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण हरीण म्हटल्यावर घशाशी आलं. आमच्या मागच्या अंगणात संध्याकाळी हरणं यायची, सुचेताच्या वालाच्या वेलाचे शेंडे खुडून खायची, आणि काचेच्या दाराशी ईरा उभी राहिली की मान वर करून तिच्याकडे बघायची. ‘बाबा, इज इट द वन फ्रॉम अवर बॅकयार्ड?’ तिने पुडक्याकडे बोट दाखवून विचारलं तेव्हा मला बरं निमित्त मिळालं. मुलीला कसं वाटेल. खरं तर मलाच किळस आली होती. कुणी कापलं, कुठे कापलं, काय करून ठेवलंय त्याचं. चार खुर्च्या आणून देणाऱ्या माणसाच्या हाताची मला किळस आली, हे त्या वेळी मी असं म्हटलं नसतं. आता म्हणतो.

मग एका संध्याकाळी ती पुडकी काळ्या पिशवीत घालून मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. आमच्याकडे कचऱ्याची गाडी शुक्रवारी सकाळी येते, म्हणून डबा आदल्या संध्याकाळी बाहेर न्यायचा असतो. आदल्या संध्याकाळी म्हणजे गुरुवारी. डेलने मोठ्या अक्षरांत जो वार टाळायला सांगितला होता, नेमक्या त्याच वारी दर वर्षी मी ते मांस बाहेर काढायचो. मला तेव्हा हे सुचलंही नव्हतं.

शनिवारी डेल पानं गोळा करत होता. कुंपणावरून त्याने विचारलं, ‘कसं झालं होतं?’

‘टेस्टी,’ मी म्हणालो. ‘अमेझिंग.’

तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याचा चेहरा इतका उजळला, की मला पुढे बोलावंसं वाटलं. मी त्याला सांगितलं, आम्ही कांदा आणि सुकं खोबरं चुलीवर भाजतो, म्हणजे इथे गॅसवर. त्याचं वाटण करतो. आमची कांदा-लसूण चटणी घालतो. तेलाचा लाल तवंग येतो. मग भाकरी चुरून खातो. हे सगळं खरंच होतं, फक्त ते माझ्या आईच्या मटणाचं होतं. दर वर्षी मी ते थोडं अधिक रंगवून सांगायचो. एका वर्षी ईराने नळीसाठी हट्ट केला असंही सांगितलं. डेल पानं ओढायचा रेक काखेत धरून ऐकायचा, आणि एखाद्या वेळी हळूच विचारायचा, ‘तीही खाते?’ मी म्हणायचो, ‘आवडीने.’

माझी आई कुणी ‘छान झालंय’ म्हटलं तरी लक्ष द्यायची नाही. ती पळी हातात धरून ताटाकडे बघत बसायची. कोण पुन्हा वाढून घेतो, कोण नुसतंच तोंड भरून कौतुक करून उठतो, यावर तिचा सगळा हिशेब असायचा. तोंडचं तिने कधी धरलंच नाही. डेल बिचारा तोंडचंच धरून बसला होता, कारण माझं ताट त्याला कधी दिसलं नव्हतं.

याहून लाजिरवाणी एक गोष्ट आहे, आणि ती लिहायला मला जिवावर येतंय. हा सगळा प्रकार मी आमच्या मित्रमंडळीत विनोद म्हणून सांगायचो. पिस्कॅटवेला माझा कॉलेजचा मित्र मंदार राहतो. त्याच्याकडे संक्रांतीला जमलो, की जेवणानंतर कुणीतरी म्हणायचं, ‘मिल्या, तुझ्या शिकाऱ्याचं काय झालं?’ आणि मी उभा राहून डेलची नक्कल करायचो. त्याचं पोक, त्याचा जड आवाज, पुडकं दोन्ही हातांत धरून बाळ दिल्यासारखं देणं. ‘नॉट थर्सडे,’ असं मी गंभीरपणे म्हटलं की लोक हसून लोळायचे.

‘यार, एकदा सरळ सांगून टाक ना त्याला,’ मंदारची बायको मला म्हणाली होती. ‘वी डोंट ईट इट. सिंपल.’

‘आता कसं सांगू? चार वर्षं मी त्याला रेसिपी सांगतोय.’

‘मग निदान एकदा करून तरी बघ.’

यावरही सगळे हसले, आणि सर्वांत मोठ्याने मी.

एका वर्षी डेलने मला गॅरेजमध्ये बोलावलं. हरीण टांगलेलं होतं, पण मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. ना घाण, ना वास. स्टीलचं टेबल, पाण्याची बादली, धुतलेली फडकी, तीन सुऱ्या ओळीने मांडलेल्या. रेडिओवर हळू आवाजात गाणी. डेल पाठीच्या कण्याच्या कडेने सुरी फिरवत होता, अगदी सावकाश, आणि त्याने एक लांब, गडद लाल, बिनचरबीचा पट्टा हातभर ओढून काढला. ‘बॅकस्ट्रॅप,’ तो म्हणाला. ‘सगळ्यात चांगला भाग. हा घरच्या माणसांचा.’ मी कॉफीचा मग धरून दाराच्या चौकटीत उभा होतो. त्याला आणखी काही सांगायचं होतं, हा भाग कसा करायचा वगैरे, पण मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, ‘सॉरी डेल, माझी मीटिंग आहे.’ शनिवार होता.

त्या वर्षीच्या पुडक्यांत दोनांवर ‘बॅकस्ट्रॅप’ लिहिलेलं होतं.

कचऱ्याचा डबा उलटला तो पाचव्या वर्षी. थँक्सगिव्हिंगला आम्ही प्लेनोला सुचेताच्या बहिणीकडे जाणार होतो. नवी पुडकी यायची वेळ झाली होती, म्हणून निघण्याआधी मी फ्रीझर रिकामा केला, त्या वर्षी टाकायची राहिलेली पुडकी डब्यात घातली आणि डबा रस्त्याच्या कडेला लावून विमानतळ गाठला. सणाच्या आठवड्यात कचऱ्याची गाडी एक दिवस उशिरा येते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. म्हणजे डबा दोन रात्री बाहेर होता, आणि आमच्या भागात रात्री कचरा उकरणारे रकून भरपूर.

रविवारी परत आलो तेव्हा डबा आमच्या गॅरेजच्या दाराशी नीट उभा होता. आतून पाण्याने धुतलेला. झाकणावर वीट. रस्त्यावर एक कपटासुद्धा नव्हता. सुचेता म्हणाली, ‘डेलने केलं असणार. किती करतो बिचारा.’ मी हो म्हणालो. मग मी स्वतःला समजावलं, पिशवी काळी होती, गच्च बांधलेली होती, त्याला काय दिसणार. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो. सामान आत नेईपर्यंत मी ते विसरूनही गेलो होतो.

त्या डिसेंबरात डेल आला तो रिकाम्या हाताने. हातात फक्त एक कोरं कार्ड आणि पेन.

‘मिल,’ तो म्हणाला, ‘तुम्ही कसं करता ते मला लिहून देशील? तुमच्या पद्धतीने मला एकदा करायचंय.’

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. किचनमध्ये कुणी नव्हतं, तो माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. त्याऐवजी माझ्या अंगात कोल्हापूर संचारलं. मी बैठक मारून लिहायला घेतलं. आलं-लसूण लावून ठेवा, कांदा-खोबरं काळपट भाजा, आमच्या चटणीची बरणीच त्याला काढून दिली. मग प्रश्न आला प्रेशर कुकरचा. त्याच्याकडे शिट्टीचा कुकर नव्हता, तर आमचा दिला. शिट्टी म्हणजे काय, ती कशी मोजायची, हे दाखवायला पाणी घालून एक शिट्टी करून दाखवली. डेल दचकला आणि मग हसला.

‘किती शिट्ट्या?’

‘पाच,’ मी म्हणालो. आमच्या घरी जून मटणाला पाच करतात.

‘आणि कुठला भाग घेऊ?’

‘जो सगळ्यात चांगला असेल तो.’

त्याने कुकरकडे पाहिलं. ‘चांगला भाग कुकरमध्ये? पाच?’

‘ट्रस्ट मी,’ मी म्हणालो.

‘तू सांगतोस तर,’ असं म्हणून त्याने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं.

मांस शिजवणाऱ्या कुणालाही विचारा. ज्या पट्ट्याला दोन-तीन मिनिटांची धग पुरे, ज्यात धाग्याएवढी चरबी नाही, त्याला पाच शिट्ट्या दिल्या तर काय होईल हे कुणीही सांगेल. मला ठाऊक नव्हतं, कारण मी ते मांस जन्मात शिजवलं नव्हतं. माझ्या लेखी मांस म्हणजे मटण, आणि मटणाच्या पुढे मला कधी काही शिकावंसं वाटलं नाही.

शनिवारी दुपारी शेजारून शिट्टी ऐकू आली. त्या गल्लीत ती शिट्टी इतकी परकी वाटली, की पलीकडच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली. सुचेता आणि मी किचनमध्ये हसत हसत मोजत होतो. दोन. तीन. चार. पाचवी झाली तेव्हा ईराने टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने डेल दारात उभा. नारिंगी टोपी, हातात आमचाच कुकर, भोवती टॉवेल गुंडाळलेला. टोपी त्याने कानापर्यंत ओढली होती, आणि तिच्याखाली त्याचा चेहरा फार बारीक झालेला मला दिसायला हवा होता. मला दिसला नाही.

‘आज शनिवार आहे,’ तो म्हणाला. ‘मी बघून केलं.’

मार्गशीर्ष चालू होता, पण ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मी चमचा घेतला आणि दारातच एक तुकडा तोंडात टाकला. रस्सा ओळखीचा होता. मांस मात्र काथ्यासारखं, तोंडात इकडून तिकडे फिरत राहिलं. मी चावत राहिलो. डेल माझ्या तोंडाकडे बघत होता.

‘टेस्टी,’ मी म्हणालो. ‘एकदम आमच्यासारखं.’

‘मग बरं झालं,’ तो म्हणाला. जरा वेळ तसाच उभा राहिला. मी पुन्हा चमचा घालीन असं त्याला वाटत असावं. मी कुकर हातात घेतला, बाकीचं रात्री जेवताना खाऊ म्हणालो, आणि दार लावलं. रात्री ते सगळं मी काळ्या पिशवीत ओतलं. दुसऱ्या दिवशी कुकर घासून घरात ठेवायला निघालो, तेवढ्यात रूथ दारात येऊन म्हणाली, ‘तो म्हणतोय, अजून एकदा करून बघायचंय त्याला, राहू दे आमच्याकडे.’ कुकर त्यांच्याकडेच राहिला.

त्यानंतर डेल जंगलात गेला नाही. वसंतात त्याची हॉस्पिटलं सुरू झाली, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. आम्ही दोनदा जेवणाचा डबा दिला, एकदा फुलं दिली. त्याच्या चर्चमधल्या प्रार्थनेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. तिथे कुणीतरी उठून सांगितलं, डेल मांस वाटायचा ते फक्त सहा घरांना. मी समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत बसलो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. गुरुवार होता. हॉलमध्ये सुचेताने कलश मांडला होता, पाच फळं, झेंडूची माळ, उदबत्तीचा वास घरभर. दुपारी रूथ आली. ती घर विकून ओहायोला मुलीकडे जाणार होती. एका हातात आमचा कुकर, घासून लखलखीत केलेला, आणि दुसऱ्या हातात पांढऱ्या कागदातलं एक पुडकं, मऊ पडलेलं, कागदाला ओल आलेली.

‘काल फ्रीझर बंद केला,’ ती म्हणाली. ‘हे तळाशी होतं. विरघळलंय, आज करायला लागेल. आज गुरुवार आहे, मला माहितीये. सॉरी.’

पुडक्यावर त्याचंच अक्षर. बॅकस्ट्रॅप, आणि खाली, गुरुवारी नको.

मी कुकरचं झाकण काढलं. आत मी लिहून दिलेलं कार्ड होतं, हळदीने पिवळं पडलेलं. माझ्या ओळींच्या खाली डेलने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘माझ्यासाठी फार चिवट. पण त्यांना असंच आवडतं.’

मी ते दोनदा वाचलं. मग रूथकडे बघितलं आणि मला वाटतं माझ्या चेहऱ्यावर सगळं आलं असावं, कारण ती खुर्ची ओढून बसली.

‘त्याने ती पुडकी रस्त्यावरून उचलली होती,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ‘रकूनांनी सगळीकडे पसरली होती. तुम्ही लाजाल म्हणून डबा धुऊन ठेवला. घरी येऊन मला म्हणाला, चूक माझीच आहे, रूथ. चार वर्षं मी त्यांना माझ्या पद्धतीचं देतोय. त्यांना कसं लागतं ते मी कधी विचारलंच नाही.’

म्हणून तो कोरं कार्ड घेऊन आला होता. रेसिपी त्याला स्वतःसाठी नको होती. आम्हाला घशाखाली उतरेल असं काहीतरी करून आणायचं होतं. त्याने त्याचं शेवटचं हरीण, घरच्या माणसांचा भाग, माझ्या शब्दावर पाच शिट्ट्यांना दिलं, आणि मी दारात उभा राहून त्याला टेस्टी म्हणालो. मला आजवर पुष्कळदा ओशाळं वाटलंय, पण त्या दुपारी किचनमध्ये मान वर करणं मला जमेना.

‘रूथ,’ मी म्हणालो, ‘आम्ही ते कधीच खाल्लं नाही. एकदाही नाही. ती रेसिपी मटणाची होती. मला हरीण करता येत नाही.’

तिने कार्ड उचलून पाहिलं. हॉलमधून उदबत्तीचा वास येत होता. मग म्हणाली, ‘मला वाटलंच होतं. पाच शिट्ट्या,’ आणि तिने डोळे पुसले. ‘तुमच्याकडे लोखंडी तवा आहे का?’

मी सुचेताकडे बघितलं. घरात कलश, मार्गशीर्षातला गुरुवार. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने खालचं कपाट उघडलं, लग्नानंतर बॅगेत घालून आणलेला बिडाचा तवा काढला आणि माझ्या हातात दिला.

‘बाहेर डेकवर करा. मी नाही खाणार,’ ती म्हणाली. ‘पण तू आज नाही म्हणायचं नाहीस.’

डेकवर थंडी मी म्हणत होती. पानं झडलेली झाडं, मागे करडं आकाश. ग्रिलच्या शेगडीवर तवा तापत ठेवला. रूथने पट्ट्याचे दोन बोटं जाडीचे तुकडे केले, मीठ-मिरी चोळली. ‘धूर येईपर्यंत थांब,’ ती म्हणाली. मग लोणी, मग तुकडे. चर्र आवाज झाला. तिने मला उलटू दिलं. ‘आता. आता काढ. बस, काढ.’ सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. ईरा प्लेटा घेऊन आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. वालाच्या वाळलेल्या मांडवापलीकडे त्या दिवशी एकही हरीण नव्हतं.

रूथने माझ्या प्लेटमध्ये दोन तुकडे वाढले. मी पहिला तोंडात घातला. कोवळा होता, आतून गुलाबी, किंचित लोखंडी चवीचा, आणि त्यामागे पानांचा, ओल्या जमिनीचा काहीतरी गोडवा. मटणासारखा अजिबात नव्हता. चांगला होता. चार वर्षं हे आमच्या गॅरेजमध्ये येत होतं आणि मी ते गुरुवारी बाहेर नेऊन टाकत होतो. घास गिळताना मला रडू आलं आणि मी ते थंडीवर ढकललं. दुसरा तुकडाही खाल्ला.

‘कसं झालंय?’ रूथने विचारलं. अगदी डेलसारखं, तोंडाकडे बघत.

टेस्टी, अमेझिंग, एकदम आमच्यासारखं, जे जे म्हणण्यासारखं होतं ते सगळं मी न खाल्लेल्या मांसावर उधळून मोकळा झालो होतो. तव्यावर अजून चार तुकडे होते. मी रिकामी प्लेट तिच्यापुढे धरली.